स्विस चार्ड सातारा-सांगलीत: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

स्विस चार्ड या पालेभाजीचं बी आता घरबसल्या मागवता येतं. अडचण पाकिटावरच्या सूचनांची आहे, त्या थंड देशांसाठी लिहिलेल्या असतात. 'बर्फ पडायचा थांबला की एप्रिलमध्ये पेरा' हे वाचून कुणी आटपाडीत एप्रिलमध्ये बी टाकलं, तर उगवलं तरी मेच्या उन्हात रोप टिकणार नाही. आपल्याकडे सगळं वेळापत्रकच उलटं आहे. इथे थंडी हा चार्डचा मुख्य हंगाम आणि उन्हाळा हा त्याला जगवण्याचा काळ.

चार्ड दिसायला परकं असलं तरी आपल्या पालकाचं सख्खं भावंड आहे. बाजारातला देशी पालक (ऑल ग्रीन, पुसा ज्योती वगैरे), बीट, साखरबीट आणि चार्ड ही चारही पिकं 'बीटा व्हल्गॅरिस' या एकाच प्रजातीची. त्यामुळे ज्याने पालक पिकवलाय त्याला निम्मं आधीच येतं. उरलेलं निम्मं मात्र पालकाची सवय मोडण्याचं आहे. पालक आपण फेकून पेरतो, महिन्याभरात विळ्याने कापतो, दोन-तीन कापण्या झाल्या की वाफा मोकळा करतो. चार्डचं एक रोप त्याच जागी पाच-सहा महिने उभं राहतं आणि दर आठवड्याला पानं देतं. म्हणून अंतर वेगळं, खत वेगळं आणि तोडणी तर अगदीच वेगळी. पहिल्या वर्षी चार्ड फसलं असं ज्यांचं होतं, त्यांनी बहुतेक वेळा ते पालकासारखं लावलेलं असतं.

१. आपण कुठल्या पट्ट्यात आहोत ते आधी बघा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं की हवा पूर्ण पालटते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि माण, आटपाडी, जत भागात त्याचा दहावा हिस्सा पडला तरी साल बरं म्हणायचं. एकच सल्ला सगळीकडे चालणार नाही.

महाबळेश्वर, पाचगणी, जावळी, पाटणचा डोंगराळ भाग: माती तांबडी, जांभ्याची, आम्लधर्मी. चार्डला सामू (pH) ६ ते ७.५ लागतो, म्हणून इथे माती तपासून गरज असेल तर चुना टाकावा लागतो. हवा थंड असल्याने मार्च-एप्रिलपर्यंत पीक निवांत चालतं. पावसाळ्यात मात्र उघड्यावर लावूच नका.

कराड, वाळवा, पलूस, मिरज, कृष्णाकाठ: मळईची जमीन चार्डला फार मानवते. खोल, भुसभुशीत, ओल धरणारी. पण जिथे वर्षानुवर्षं उसाला पाट फोडून पाणी दिलंय तिथे जमीन क्षारपड किंवा चोपण झालेली असते. बीटवर्गीय पिकं क्षार बऱ्यापैकी सोसतात, हे खरं. पण मोठी झाल्यावर. उगवताना आणि पहिल्या तीन आठवड्यांत कोवळ्या रोपाला क्षार अजिबात चालत नाहीत. अशा जमिनीत बी थेट न टाकता ट्रेमध्ये रोप करून लावा. नदीकाठच्या सखल रानात सप्टेंबर संपेपर्यंत वाट बघावी. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ: माती हलकी, मुरमाड, बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. पाऊस कमी असल्यामुळे इथे पानांवरचे रोग कमी येतात. त्रास होतो तो लोहाच्या कमतरतेचा आणि बोअरच्या जड पाण्याचा.

तासगावसारख्या द्राक्षपट्ट्यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेवर बुरशीनाशकं, संजीवकं यांच्या फवारण्या एकामागून एक चालू असतात. बागेच्या ओळींत किंवा बांधाला लागून चार्ड लावलं तर ती सगळी औषधं पानावर बसतात आणि ते पान तुम्ही खाणार असता. ब्लोअरचा फवारा पोहोचणार नाही एवढं लांब लावा.

२. काय काय लागेल

१० मीटर लांब आणि ९० सेंटीमीटर रुंद अशा एका गादीवाफ्यासाठी हा हिशेब आहे. त्यात ६५ च्या आसपास रोपं बसतात. चार माणसांच्या घराला खरं तर ८ ते १० रोपं पुरतात, त्या प्रमाणात कमी करून घ्या.

- बी: ३ ग्रॅम (एका ग्रॅममध्ये साधारण ५० ते ६० बिया)
- पूर्ण कुजलेलं शेणखत: ३० किलो, म्हणजे तीन घमेली भरून
- निंबोळी पेंड: १ किलो
- सिंगल सुपर फॉस्फेट: २२५ ग्रॅम
- म्युरेट ऑफ पोटॅश: ६० ग्रॅम
- युरिया: प्रत्येक वेळी ५० ग्रॅम (कधी द्यायचा ते भाग ८ मध्ये)
- ट्रायकोडर्मा (मूळकुज रोखणारी उपयोगी बुरशी): ५० ग्रॅम
- इनलाइन ठिबकच्या दोन नळ्या, ३० सेंटीमीटरवर ड्रिपर, ताशी २ लिटरचे
- उसाचं सुकं पाचट: दोन-तीन भारे
- धारदार चाकू किंवा कात्री. विळा नको, का ते पुढे येईल.
- फेब्रुवारीनंतरसाठी ५० टक्क्यांची शेडनेट

कागदपत्रात एकच गोष्ट हवी, माती परीक्षणाचा अहवाल. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. नमुना घेताना रानात नागमोडी चालत ८-१० ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्या, वरपासून १५-२० सेंटीमीटरपर्यंतची माती खरवडून घ्या, सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्या. खत टाकल्यावर नमुना घेण्यात अर्थ नाही. अहवालात सामू, क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे आधी वाचा.

३. हंगाम

मुख्य पेरणी हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. अडचण अशी की नेमका याच काळात पूर्वेकडच्या तालुक्यांत परतीचा पाऊस झोडपतो, आणि पाऊस उघडला की ऑक्टोबरचं ऊन पोळतं. म्हणून थेट रानात बी टाकण्यापेक्षा दसऱ्याच्या सुमाराला ट्रेमध्ये टाकून दिवाळीच्या आसपास रोपं लावणं जास्त खात्रीचं. थेट पेरायचं असेल तर नोव्हेंबर उत्तम.

दुसरी लावण डिसेंबरअखेरपर्यंत चालते. जानेवारीत पेरलेलं रोप ऐन भरात येतं तेव्हा मार्च लागलेला असतो, त्यामुळे त्याला सावलीची सोय लागतेच.

चार्डला १५ ते २४ अंश तापमान सगळ्यात मानवतं. तिशीपर्यंत ते कुरकुर न करता वाढतं, पस्तिशीपुढे पान जाड, राठ आणि कडवट होऊ लागतं.

आपल्या सौम्य थंडीचा एक मोठा फायदा आहे. चार्ड हे द्विवर्षायू झाड. त्याला फुलोरा यायला कित्येक आठवडे १० अंशांच्या खालची थंडी आणि मग मोठा दिवस लागतो. सांगली-मिरजेकडे इतकी थंडी सलग पडत नाही, म्हणून रोपं दांड्यावर न येता पानंच देत राहतात. पाचगणी-महाबळेश्वरकडे कडाक्याची थंडी पडलेल्या वर्षी मार्चमध्ये काही रोपांतून उंच दांडा निघू शकतो. असं रोप सरळ उपटा, दांडा खुडून त्याचं पान सुधारत नाही.

४. बी निवडताना

फोर्डहुक जायंट: पांढरा रुंद देठ, गडद हिरवं चुरगळलेलं पान. उष्णतेला सगळ्यात दणकट. पहिल्यांदा लावणाऱ्याने हेच घ्यावं.

लुकुलस: पान फिकट हिरवं, देठ पांढरा. चव सौम्य.

ब्राइट लाइट्स: लाल, गुलाबी, नारिंगी, पिवळे, पांढरे असे मिश्र देठ. १९९८ साली याला ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला आणि रंगीत चार्डची लाट तिथून वाढली. हॉटेलवाल्यांना हेच हवं असतं. वाढ फोर्डहुकपेक्षा थोडी नाजूक.

पर्पेच्युअल स्पिनॅच: देठ बारीक, चव पालकाच्या जवळची, उष्णता चांगली सोसतं. घरातल्या मंडळींना नवीन भाजी चालत नसेल तर यापासून सुरुवात करा. ताटात आलं तरी कुणाला कळत नाही.

ऑनलाइन खरेदीत फोटोला भुलू नका. निळ्या देठाचं चार्ड नसतं. फोटोत निळं दिसलं तर तो दुकानदार पुढे काय पाठवेल याचा अंदाज त्यातूनच घ्या. पाकिटावर जातीचं नाव, उगवणक्षमता आणि मुदत छापलेली नसेल तर ते पाकीट स्वस्त असलं तरी सोडून द्या.

५. वाफा तयार करणं

काळ्या रानात सपाट वाफा म्हणजे मूळकुजीला आमंत्रण. गादीवाफाच करा: माथा ९० सेंटीमीटर, उंची १५ ते २० सेंटीमीटर, दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट. मळईत १० सेंटीमीटर उंची पुरते. माती किमान एक फूट खोल मोकळी हवी, कारण चार्डचं सोटमूळ सरळ खाली जातं.

शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून, थोडं पाणी शिंपडून, सावलीत ओल्या पोत्याखाली आठवडाभर ठेवा. मग निंबोळी पेंड, सुपर फॉस्फेट, पोटॅश यांच्याबरोबर वाफ्याच्या वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये मिसळा. शेणखत अर्धकच्चं असेल तर त्यातून हुमणी येते आणि चार्डची मुळं कुरतडते. हुमणीने काय होतं हे ऊसवाल्यांना सांगायची गरज नाही. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) स्वस्तात मिळते म्हणून ताजीच टाकण्याचा मोह होतो. ती कुजताना तापते, रोपं करपतात. कुजवून काळी, वास नसलेली झाली तरच वापरा.

आता सगळ्यात मोठा सापळा: तणनाशकाचे अवशेष. ऊस, मका किंवा ज्वारीच्या रानात अ‍ॅट्राझिन मारलं असेल तर ते जमिनीत कित्येक महिने राहू शकतं, आणि बीटवर्गीय पिकं त्याला फार हळवी आहेत. बी उगवतं, दोन पानांवर येतं आणि मग कडांपासून पिवळं पडून वाळतं. लोकांना वाटतं बी खराब होतं. तसंच शेजारच्या उसात २,४-डी मारलं आणि वारा तुमच्या बाजूला असला, तर चार्डची पानं पिळवटतात, देठ वाकडे होतात. रानाचा इतिहास माहीत नसेल तर त्या वाफ्यातली मूठभर माती कुंडीत घेऊन त्यात साधा पालक टाकून बघा. तीन आठवड्यांत उत्तर मिळतं आणि खर्च काहीच नाही.

जूनमध्ये रान मोकळं असेल तर ताग पेरा, दीड महिन्यात फुलावर येताना गाडा, महिनाभर कुजू द्या. ऑक्टोबरच्या लावणीसाठी यापेक्षा चांगली तयारी नाही.

पालक, बीट, चाकवत, चंदनबटवा, राजगिरा हे सगळे चार्डचे भाऊबंद. त्यांच्या पाठोपाठ त्याच वाफ्यात चार्ड घेऊ नका. दोन वर्षांचं अंतर ठेवा.

६. पेरणी आणि रोपं

चार्डचं बी हातात घेऊन नीट बघा. धण्याएवढं, तपकिरी, कोनाकोनांचं, खडबडीत. ते एक बी नसतं, दोन ते पाच बियांचा चिकटलेला गोळा असतो. म्हणून एका ठिकाणी एक 'बी' टाकलं तरी तीन-चार कोंब वर येतात. ते फोडून वेगळं करायला जाऊ नका, आतले अंकुर दुखावतात.

बियांच्या सालीत उगवण रोखणारे घटक असतात. रात्रभर, ८ ते १२ तास, पाण्यात भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला आणि सकाळी ते पाणी फेकून द्या. चोवीस तासांच्या पुढे ठेवलं तर बी गुदमरतं. निथळून फडक्यावर पसरा, ओलसर असतानाच ट्रायकोडर्मा चोळा (किलोला ५ ग्रॅमचं प्रमाण, आपल्या ३ ग्रॅम बियाण्याला चिमूट पुरे) आणि लगेच पेरा.

ट्रेमध्ये: ९८ किंवा १०४ कप्प्यांचा प्रोट्रे, धुतलेलं कोकोपीट. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातले क्षार कोवळ्या मुळांना लागतात, दोन-तीन पाण्यांतून काढा. कप्प्यात एक बी, एक ते दीड सेंटीमीटर खोल. उगवेपर्यंत ट्रे सावलीत, कोंब दिसताच उजेडात. सावलीतच राहिला तर रोपं उंच, लुकडी होतात आणि लावताना आडवी पडतात. ५ ते १० दिवसांत उगवण होते, २० ते २५ दिवसांत तीन-चार खरी पानं आली की लावणी.

थेट रानात: ४५ सेंटीमीटर अंतरावर दोन ओळी, ३० सेंटीमीटरवर दोन-दोन बिया, खोली तेवढीच. काळ्या मातीत पेरून पाणी दिलं की वर पापडी धरते आणि कोंब खालीच अडकतो. त्यावर उपाय सोपा. बियांवर माती न ओढता चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत पसरा. चिमण्या, साळुंक्या आणि मोर कोंब टिपतात, म्हणून पहिले दोन आठवडे वर जुनी जाळी अंथरा.

रोपांची लावणी नेहमी दुपार टळल्यावर करा. ट्रेमधून निघालेला मुळांचा गड्डा मातीच्या पातळीला ठेवायचा. मधला कोंब मातीत गाडला गेला तर तो कुजतो.

कुंडीत लावणाऱ्यांसाठी: १२ इंच रुंद आणि तेवढ्याच खोल कुंडीत एक रोप. पोयटा माती ४ भाग, गांडूळखत ३, कोकोपीट ३. नुसती काळी माती कुंडीत भरू नका, वाळली की ती कडा सोडते आणि पाणी बाजूने निघून जातं.

७. विरळणी

हे काम सगळ्यांच्या जिवावर येतं, म्हणून ते वेगळं सांगतो. एका ठिकाणचे तीन-चार कोंब तसेच ठेवले तर एकही रोप धड होत नाही. देठ बारीक राहतात, मध्ये हवा खेळत नाही, पावसाळी हवेत तिथूनच रोग सुरू होतो.

रोपं दोन इंचांची झाली की सगळ्यात जोमदार एक ठेवा आणि बाकीची कात्रीने जमिनीलगत कापा. उपटू नका. मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, एक ओढलं की ठेवायचं तेही हलतं. रंगीत जात असेल तर या वेळी कोंबाच्या दांडीचा रंग दिसतो, पाहिजे ते रंग राखता येतात. कापलेली रोपं कोशिंबिरीत घाला.

८. पाणी आणि खत

थंडीत वाफ्याच्या दर चौरस मीटरला दिवसाला ३ ते ४ लिटर, मार्चमध्ये ५ ते ६. वर दिलेल्या दोन नळ्यांच्या रचनेत १५ मिनिटांत दर चौरस मीटरला जवळपास साडेतीन-चार लिटर पडतं. काळ्या रानात रोज देण्यापेक्षा तीन दिवसांचं एकदम देणं बरं, मुरमाड रानात रोज थोडं थोडं. बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको.

दुपारी पानं माना टाकतात. संध्याकाळी ती पुन्हा उभी राहत असतील तर ते फक्त ऊन आहे, पाणी वाढवू नका. सकाळीही पानं पडलेलीच असतील तर मुळाशी बघा: एक तर माती कोरडी ठाक आहे, नाहीतर पाणी जास्त होऊन मूळ कुजलंय. रोप उपटल्यावर मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहे. तिथे पुढे झेंडू घ्या, चार्ड-पालक-बीट नको.

रोपं वीतभर झाली की दोन ओळींत पाचट अंथरा, दोन इंच जाड. ओल टिकते, तण दबतं आणि पाऊस आला तर मातीचे शिंतोडे पानावर उडत नाहीत. रोपाच्या बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा.

युरिया ५० ग्रॅम प्रति वाफा: पहिला हप्ता लावणीनंतर दोन आठवड्यांनी, दुसरा पहिल्या तोडणीनंतर, तिसरा त्यानंतर महिन्याने. पुढे पीक चालू असेपर्यंत महिन्याला एक. यापेक्षा जास्त युरियाने पान मोठं आणि मऊ होतं खरं, पण मावा त्यावर तुटून पडतो आणि भाजी पाणचट लागते. रासायनिक नको असेल तर दर तीन आठवड्यांनी वाफ्याला ४-५ किलो गांडूळखत द्या.

पानं काय सांगतात तेही बघत राहा. खालची जुनी पानं पिवळी: नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: लोह कमी. चुनखडीच्या रानात हे हमखास दिसतं. चिलेटेड लोह लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. मधला कोंब काळा पडणं, देठ आडवे तडकणं: बोरॉन कमी. २० टक्के बोरॉन लिटरला १ ग्रॅम, एकदाच. बोरॉन जास्त झालं तर रोप त्यानेच जळतं, त्यामुळे 'अजून एक फवारा मारू' हा विचार इथे नको.

९. कीड आणि रोग

सर्कोस्पोराचे ठिपके हा मुख्य रोग. पानावर तीन-चार मिलिमीटरचे गोल डाग, मध्ये राखाडी, कडेला तांबूस-जांभळं कडं. पुढे मधला भाग गळून भोक पडतं. ऊबदार आणि दमट हवा मिळाली की पसरतो, म्हणून ऑक्टोबरच्या पावसात जास्त. पाणी पानांवरून देत असाल तर आधी ते थांबवा. डागाळलेली पानं तोडून वाफ्याबाहेर पुरा, वाफ्यातच टाकली तर काही उपयोग नाही. हवा कोरडी झाली की नवी पानं स्वच्छ येतात.

तंबाखूवरची पानं खाणाऱ्या अळीचा मादी पतंग पानाच्या मागे तपकिरी लवेने झाकलेला अंड्यांचा पुंजका घालतो. त्या वेळी ते एक पान तोडलं की काम संपलं. चार दिवस उशीर झाला की अळ्या पसरतात आणि पानाची जाळी होते. दिवसाआड सकाळी पानं उलटी करून बघणं हीच खरी फवारणी. कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा) लावला तर पतंग कधी आले ते कळतं.

मावा दिसला तर आधी पाण्याची जोरदार धार, मग निंबोळीयुक्त अ‍ॅझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम, लिटरला ५ मिली. नागअळीच्या पांढऱ्या वाकड्या रेघा दिसलेली पानं तोडून टाका, त्यावर फवारून अळी मरत नाही कारण ती पानाच्या आत असते. चकाकणारा चिकट मार्ग दिसला तर ती गोगलगाय. रात्री बॅटरी घेऊन वेचा.

दुकानदार 'पालेभाजीला चालतं' म्हणून जे काही देईल ते घेऊ नका. लेबलवर पालेभाजीचं नाव आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते छापलेलं नसेल तर बाटली परत करा. चार्डची तोडणी आठवड्याला असते. पंधरा दिवस थांबायला लावणारं औषध इथे बसतच नाही.

१०. तोडणी

पेरणीपासून ५० ते ६० दिवसांत पहिली तोडणी. पान देठासकट वीतभरापेक्षा थोडं मोठं झालं की तयार. बाहेरची पानं आधी, बुंध्यापासून दोन बोटं वर कापायची आणि मधली चार-पाच पानं कायम राखायची. रोप आतून वाढतं, कोंब शाबूत असेल तर ७ ते १० दिवसांत पुन्हा तेवढीच पानं. विळ्याने पालकासारखं सपासप कापलं तर कोंबच जातो. काही रोपं पुन्हा फुटतात, काही कुजतात, आणि महिनाभर हाताला काही लागत नाही.

गरज नसली तरी बाहेरची पानं काढत राहा. जून झालेली पानं ठेवली तर तीच रोगाचं घर होतात. जास्तीची पानं कोंबड्यांना, शेळ्यांना घालता येतात, पण यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं म्हणून दुभत्या जनावरापुढे पाटीभर टाकू नका.

सकाळी ऊन चढायच्या आत तोडा, थंड पाण्यात दहा मिनिटं बुडवा, निथळून ओलसर सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस टवटवीत राहतं.

स्वयंपाकात देठ आणि पान वेगळं चिरायचं, देठाला शिजायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात. डाळ-शेंगदाणे घालून पातळ भाजी, ताकातलं गरगट, पीठ पेरून सुकी, सगळं जमतं. लाल देठ डाळीत घातले तर डाळ गुलाबी होते, पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. या भाजीत मुळातच सोडियम जास्त असतं, म्हणून मीठ शेवटी, चाखून. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेतानं खावं. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं तर ऑक्झॅलेट कमी होतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज खाऊ नका, यात व्हिटॅमिन के खूप आहे.

११. विकायचं असेल तर

गिऱ्हाईक आधी, गुंठे नंतर. सांगली-साताऱ्याच्या भाजी मंडईत चार्डची पाटी घेऊन बसलात तर लोक 'हे कुठलं बीट?' विचारून पुढे जातील. मागणी आहे ती महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत आणि पुण्यात परदेशी भाज्या घेणाऱ्या व्यापाऱ्यांकडे. त्यांना आठवड्याला किती किलो, कोणत्या रंगाचं, किती लांबीचं पान हवं ते विचारा आणि तेवढंच लावा. सगळं एकदम न लावता तीन-तीन आठवड्यांनी टप्प्याटप्प्याने लावा, म्हणजे कोवळं पान कायम हाती राहतं.

१२. उन्हाळ्यात पुढे न्यायचं असेल तर

फेब्रुवारीच्या शेवटी शेडनेट ताणा, वाफ्यापासून पाच-सहा फूट उंच. खाली ताणली तर आत वाफ कोंडते. पश्चिमेची बाजूही झाका, दुपारचं ऊन तिकडून येतं. शेवग्याच्या किंवा भिंतीच्या पूर्वेला वाफा असेल तर नेटशिवायही एप्रिल निघतो. पाचट दुप्पट करा, पाणी सकाळी लवकर द्या, पानं लहान असतानाच तोडा. मेमध्ये वाढ थांबते. तेव्हा युरिया देऊन तिला ढकलू नका, पाणी फक्त जगण्यापुरतं ठेवा. वळवाच्या पावसानंतर नवी फूट येते आणि जूनच्या मध्यापर्यंत दोन-तीन तोडण्या मिळतात. मग पावसाळा बसला की रोपं काढून टाका.

बी घरी धरायचा विचार पहिल्या एक-दोन वर्षांत करू नका. सांगलीच्या हवेत बहुतेक रोपांना फुलोराच येत नाही. आला तरी याचा पराग वाऱ्याने लांबवर जातो आणि आसपास कुणाचा पालक किंवा बीट फुलात असेल तर त्याच्याशी संकर होतो. पुढच्या वर्षी उगवतं ते ना धड चार्ड, ना धड पालक. उरलेलं विकतचं बी मात्र फेकू नका. हवाबंद डब्यात, कोरड्या आणि थंड जागी ते तीन-चार वर्षं चांगलं उगवतं. डब्यावर साल लिहून ठेवा, आणि दुसऱ्या वर्षी पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. सात-आठ फुटल्या तर नेहमीचं प्रमाण ठेवा, पाचच फुटल्या तर दुप्पट टाका.